मागून येणारी

“तुमची मोठी कुठल्या शाळेत जाते हो?” बाईंनी सहज विचारलं, तेव्हा ती बालवाडीच्या दारात उकिडवी बसून ठकूच्या बुटाची पट्टी लावत होती. तिने वर बघितलं नाही. लावलेली पट्टी तिने खर्रकन उपटली, पुन्हा लावली, मग दुसऱ्या बुटाचीही उपटून लावली. घरात मोठी अशी कुणी नव्हती. ठकू एकटीच, येत्या महिन्यात चार पूर्ण होणारी. लहान गटाच्या या बाई म्हणजे जाड भिंगांचा चष्मा, खिशात कायम ओला रुमाल आणि ओरडल्या तरी गाणं म्हणतायत असं वाटावं असा गळा. त्या आपल्याच आनंदात पुढे बोलत होत्या. “आजपासून आपला ‘आमच्या घरचं’ आठवडा सुरू झाला ना, तर आज सगळ्यांना कागदाची साखळी करायला दिली. घरात जितकी माणसं तितक्या कड्या. ठकूने केल्या चार. मी म्हटलं, आई, बाबा, तू, मग ही चौथी कुणाची गं? तर म्हणते, ताईची. आणि त्यानंतर जी सुरू झाली! ताई सात वर्षांची आहे, ताई असं करते, ताई तसं करते. आम्हाला पत्ताच नाही!” उत्तर चार शब्दांचं होतं. मला एकच मुलगी आहे. तेवढं म्हटलं असतं तर बाई हसल्या असत्या, पोरांच्या कल्पनांना काय, म्हणाल्या असत्या आणि विषय संपला असता. पण सात वर्षांची हे शब्द तिच्या कानात घुसून बसले होते, मागे न्यायला आलेल्या आयाबापांची रांग चुळबुळत होती, आणि तिच्या तोंडून तिलाच अनोळखी वाटणारा, अगदी घरगुती आवाज बाहेर पडला, “ती आजीकडे असते.”

“अय्या, हो का? मग शुक्रवारी आणा की तिला. घरचे सगळे येणार आहेत.”

“बघते,” ती म्हणाली.

ती ठकूला घेऊन बाहेर पडली. बालवाडीचं दार जड, वरची स्प्रिंग नवी आणि तापट. सोडलं की धाडकन मिटायचं, म्हणून चिमण्या बोटांसाठी दारावर सूचना लावली होती. ठकू खाली उडी मारून पुढे गेली. ती कोपराने दार रेटून उभी होती. “सोडा की दार,” आतून फरशी पुसणाऱ्या मावशी ओरडल्या. “धूळ येते सगळी आत. रोज धरून उभ्या राहता, तुमच्यामागे काय फौज येतेय?” ती ओशाळून हसली आणि दार सोडलं.

सात वर्षं म्हणजे अगदी मोजून सात. हा हिशोब जगात तीन माणसांना ठाऊक होता. तिला, नवऱ्याला आणि सासूबाईंना. आणि तिघांनीही तो कधी कुणापुढे केला नव्हता. बोलायचं नाही असं कुणी ठरवलं नव्हतं. पहिल्या दिवशी कुणी बोललं नाही, दुसऱ्या दिवशी पहिल्या दिवसाची आठवण नको म्हणून बोललं नाही, आणि मग न बोलण्याची घराला सवय लागली, जशी एखाद्या जिन्याच्या तुटक्या पायरीची लागते. पाय आपोआप ती ओलांडतो. तिला दवाखान्यातल्या त्या खोलीतली फक्त भिंत आठवायची. फिकट हिरवा रंग, उशीच्या उंचीवर पोपडा सुटून निघालेला एक आकार, बसलेल्या मांजरासारखा. मागे परिचारिकेचा आवाज. दमलेला होता, वाईट नव्हता. “बघायचंय का?” आणि तिने मांजराकडे बघत मान हलवली होती. नाही. तेवढीच एक हालचाल. मग पावलं बाहेर गेली, त्यात नवऱ्याची होती, सासूबाईंची होती, आणि बऱ्याच वेळाने ती रिकामी होऊन परत आली. तिसऱ्या दिवशी घरी निघताना त्या इमारतीच्या दारात एक म्हातारी कामवाली उभी होती. बाळंतिणींसाठी दार धरून उभं राहायची तिला सवय असणार. नवरा पिशवी घेऊन बाहेर पडला, पाठोपाठ ही पडली, आणि म्हातारी दार तसंच धरून आत बघत म्हणाली, “मागून येतंय ना कुणी?” ते दोघे पायऱ्या उतरून रस्त्याला लागले तरी दार मिटल्याचा आवाज काही आला नव्हता.

मंगळवार गाण्याचा होता. प्रत्येकाने घरातलं एक गाणं न्यायचं. ठकूने काय नेलं ते तिला विचारायचं होतं, पण विचारायची भीतीही वाटत होती, म्हणून संध्याकाळी आंघोळ घालताना तिने लांबून सुरुवात केली. आज काय खेळलीस, कुणाशी भांडलीस. ठकू पाण्यात तांब्या बुडवून बुडबुडे काढत होती. डोक्यावर फेस थापला तेव्हा ती डोळे मिटून म्हणाली, “माझे केस कमी आहेत. ताईला कित्ती आहेत माहितीये? इथे येतात. कपाळावर.” फेसाळलेल्या बोटाने तिने आपल्या भुवईवर एक रेघ ओढली. “कुणी सांगितलं तुला?” तिने विचारलं. आवाज नको तितका चढला असावा, कारण ठकूने एक डोळा उघडला आणि साबण गेला म्हणून लगेच मिटला. “कुणी नाही. दिसतात.” “कुठे दिसतात?” “अगं, डोक्यावर!” ठकू हसायलाच लागली. आईला एवढंही कळत नाही म्हणजे काय. ती तांब्यामागून तांब्या पाणी ओतत राहिली, फेस कधीच निघून गेला होता तरी. आपण भ्यायला काय झालं, ती स्वतःला समजावत होती. चार वर्षांची मुलं घरात वाघ पाळतात, टेबलाखाली दुकान मांडतात. मानसशास्त्राचा पेपर तिने कॉलेजात चांगल्या मार्कांनी सोडवला होता. काल्पनिक सोबती असा एक परिच्छेदच होता त्याच्या पुस्तकात, तिने तो पेन्सिलने अधोरेखित केला होता. पण त्या परिच्छेदातल्या सोबत्याचं वय असं बरोबर येत नसे. टॉवेलात गुंडाळून ठकूला उचलली तेव्हा ती रोजच्यापेक्षा जड वाटली, आणि न्हाणीघराच्या दारात आपण क्षणभर थांबलो, हे तिच्या लक्षात आलं नाही. ते लक्षात यायला गुरुवार उजाडावा लागला.

बुधवारी ती अर्धा तास आधीच गेली. वर्गाच्या दाराला मोठ्या माणसाच्या उंचीवर काचेचा गोल होता. आत घरोघरचे खेळ चालले होते. कुणी दोरा बोटांत गुंतवत होतं, कुणी खडे झेलत होतं, एकजण नुसताच गोल गोल फिरून पडत होता आणि तो त्याच्या घरचा खेळ आहे असं बाईंना पटवून देत होता. भिंतींवरून रंगीत साखळी गेली होती. ठकूच्या चार निळ्या कड्या तिने लगेच ओळखल्या, कारण चौथी बाकीच्यांपेक्षा मोठी होती. ठकू खिडकीजवळ एकटी उभी राहून टाळ्यांचा खेळ खेळत होती. आपली टाळी, मग समोरच्याच्या उजव्या हातावर, मग डाव्या. समोर कुणी नव्हतं. एकटं मूल हवेत टाळी मारतं तेव्हा हात पुढे जातो, झोक जातो, खांदाही सोबत जातो. ठकूचे हात तसे जात नव्हते. ते तिच्या चेहऱ्यापेक्षा थोडे वर, एका ठरावीक जागी जाऊन थांबत होते आणि तिथून परत येत होते. दर वेळी त्याच जागी. काचेमुळे आवाज काहीच येत नव्हता. तिने काचेला कपाळ टेकवलं. तिच्याच श्वासाने काच धुरकट झाली आणि त्या धुक्यात ठकूशेजारी काही उभं आहे की ते मागच्या पडद्याची घडी आहे, हे तिला नीट दिसेना. तिने बाहीने काच पुसली. पडदाच होता. घरी जाताना तिने ठकूचा हात हातात घेऊन उलटा करून बघितला. तळवा लाल होता. मातीकामाचा रंग असेल, ती मनात म्हणाली, आणि मग आठवलं की मातीकाम सोमवारी होतं.

दुपारी ठकू झोपल्यावर तिने सासूबाईंना फोन लावला. सासूबाई दुसऱ्या गावात, धाकट्या दिरापाशी. वर्षातून दोनदा यायच्या, आल्या की नातीला मांडीवर घेऊन तासन् तास बोलत बसायच्या. दुसरं कोण सांगणार? तिने सरळच विचारलं, “तुम्ही ठकूला काही बोललात का? तेव्हाचं?” पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज झाला. “मी कशाला बोलू गं? वेडी का खुळी? पोरीला सांगायची गोष्ट आहे ती?” “तिला सगळं माहितीये.” “काय माहितीये?” “वय. आणि म्हणते केस खूप आहेत. कपाळावर येतात.” पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज झाला. “हॅलो?” “होते,” सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला होता. “खूप होते. ओले, काळेभोर. मी बोटाने मागे सारले कपाळावरून, तर परत पुढे आले. मी हे कुणाला सांगितलं नाही, बाळा.” ती फोन कानाला धरून स्वयंपाकघरात उभी होती. म्हणजे केस होते. सात वर्षांत तिने चेहरा करून बघायचा प्रयत्न केला होता, दर वेळी तिथे पोपड्यातलं मांजर यायचं, आणि आता त्या मांजराच्या जागी आधी केस आले. कुठून आले तर ठकूकडून. जे तिला ठाऊक नव्हतं, ते ठकूला ठाऊक होतं. फोन ठेवताना सासूबाई म्हणाल्या, “रागवू नको हं तिला.” कुणाला, हे तिने विचारलं नाही.

गुरुवारी शुक्रवारची तयारी होती. तिचं अक्षर छान म्हणून बाईंनी तिला पाहुण्यांच्या खुर्च्यांची कार्डं लिहायला बसवलं. खुर्च्या वर्गातल्याच, गुडघ्याएवढ्या. शेजारी जुळ्यांची आई कात्रीने कार्डांचे कोपरे गोल करत होती. ती आई मोठी बोलघेवडी. “तुमची मोठी आजीकडे राहते म्हणे? नशीब लागतं हो! माझी दोन आहेत, फुकट देते म्हटलं तरी माझी आई न्यायला तयार नाही. वर म्हणते, एकेक करून पाठव, जोडी नको.” ती हसली. नको तितकी, पाणी येईपर्यंत. “आठवण येत असेल नाही?” जुळ्यांच्या आईने मग हळू आवाजात विचारलं. “येते,” ती म्हणाली. आणि त्या आठवड्यात बालवाडीत तिच्या तोंडून निघालेला हा पहिला खरा शब्द होता. मग तिने लिहिलं. ठकूची आई. ठकूचे बाबा. तिसऱ्या कार्डावर पेन टेकवताना तिला वाटलं, अजून वेळ आहे, बाई पलीकडेच उभ्या आहेत, उठून सांगावं. पण न लिहिणं म्हणजे पुन्हा एकदा मान हलवणं. ठकूची ताई. अक्षर सुंदर आलं. सगळ्या कार्डांत तेच सुंदर आलं. शाई वाळेपर्यंत ती त्यावर हात धरून बसली, सावली करावी तसा.

त्या संध्याकाळी घराच्या जिन्याशी तिने ठकूला शेवटी विचारलंच. “तुला ताई कशी कळली गं?” ठकू पायऱ्या मोजत चढत होती, मोजणी मोडली म्हणून चिडली. “तूच तर तिला आणतेस.” “मी?” “तू दार धरतेस ना तिच्यासाठी.” एवढं बोलून ठकूने पुन्हा एकपासून सुरुवात केली. ती खालच्या पायरीवरच राहिली. तिच्या हातात इमारतीचं फाटक होतं. ठकू आत आली होती, ती स्वतः आत आली होती, मागे रस्ता रिकामा होता, आणि तिचा हात फाटक उघडं धरून होता. मग तिला एकामागून एक सगळी दारं आठवत गेली. दुकानाचं, दवाखान्याचं, लिफ्टचं, ज्यावरून लोक वैतागायचे. रोज सकाळी घराचं कुलूप लावण्याआधीचा तो एक श्वास, ज्यात ती दार उघडं ठेवून उगाच किल्ल्या चाचपायची. नवरा चिडवायचा, “तुझं दार लावणं म्हणजे एक समारंभ आहे.” ठकू जन्मल्यापासून हे बघत आली होती. आई दार धरते, म्हणजे कुणीतरी येतं. पोरीने सरळ गणित मांडलं होतं. तिला हायसं वाटायला हवं होतं. पण केस? केस काही दारातून दिसत नाहीत. आणि फाटक सोडलं तेव्हा ते आवाज न करता, कुणीतरी हाताने टेकवावं तसं मिटलं.

आता भीती वेगळीच होती. उद्या नवरा येणार, खुर्ची बघणार. जे सात वर्षं दोघांनी एकमेकांपासून जपलं ते भर वर्गात, कागदाच्या साखळीखाली, त्याच्यापुढे येणार, तेही तिच्याच अक्षरात. त्याने ते कुठे ठेवलं होतं हे तिला कधी कळलं नव्हतं. रडला नव्हता, फक्त त्या वर्षी त्याने घरातला प्रत्येक नळ दुरुस्त केला होता. तो इस्त्री करत होता. “उद्या बाई काही विचारतील,” ती म्हणाली. “काय विचारतील?” त्याने कॉलरवरून इस्त्री फिरवली. “काही नाही. वेळेवर ये.” “येतो गं. अर्धी रजा टाकलीये,” तो म्हणाला. “मला नाचायला लावणार नाहीत ना?”

शुक्रवारी वर्ग माणसांनी भरून गेला होता. मोठी माणसं गुडघे हनुवटीशी घेऊन चिमण्या खुर्च्यांवर बसली होती आणि सगळी जराशी लाजलेली दिसत होती. कुणाचे आजोबा कुठल्यातरी जुन्या गाण्याच्या दोन ओळी विसरून तिसरीच म्हणाले, जुळ्यांनी एकमेकांना ढकलण्याचा घरचा खेळ मनापासून करून दाखवला. नवरा उशिरा, घामाघूम आला आणि मोकळी खुर्ची बघून बसायला वाकला. “तिथे नको,” ती म्हणाली. त्याने कार्ड उचललं. तिने त्याचा चेहरा न बघता त्याचे हात बघितले. कार्ड त्याने दोन्ही हातांनी धरलं होतं. तेवढ्यात बाईंचा गाता आवाज आला, “आता ठकूचं घर! आणि ताई कुठंय? आजीने सोडलं नाही वाटतं?” सगळे हसले. हसणं विरेपर्यंत ती थांबली. “ती आजीकडे नसते,” ती म्हणाली. “मी सोमवारी खोटं बोलले. आमची मोठी मुलगी जन्मली तेव्हाच गेली. सात वर्षं झाली.” जुळ्यांच्या आईने हात तोंडावर नेला. जुळ्यांतला एकजण मोठ्याने म्हणाला, “मग खुर्चीत कोण बसणार?” “अरे, तीच,” ठकू म्हणाली, आणि खुर्चीसमोर उभी राहून तिने खेळ सुरू केला. आपली टाळी, उजवी, डावी. हात आता खाली, बसलेल्या माणसाच्या उंचीवर जात होते. तिच्या दोन टाळ्यांमध्ये आणखी एका टाळीचा आवाज येत होता. पण खोलीत वीस-बावीस पोरं होती, कुणीही वाजवली असेल. बाईंनी चष्मा काढून ओल्या रुमालाने पुसला. खुर्ची कुणी हलवली नाही.

निघताना बोळात, बुटांच्या फळीपाशी नवरा खाली बसून ठकूच्या पट्ट्या लावत होता. कार्ड त्याच्या शर्टाच्या खिशात होतं. वर न बघता तो म्हणाला, “तू बघितलं नाहीस. मला वाटलं, तुला नकोय. म्हणून मी कधी बोललो नाही.” “भ्याले होते रे,” ती म्हणाली. “मीही,” तो म्हणाला. “पण घेतलं होतं तिला. केस सारखे कपाळावर येत होते.” त्याने स्वतःच्या भुवईवर बोटाने रेघ ओढली. ठकूने ओढली होती, तिथेच. मग पिशवी उचलून तो बाहेर पडला, मागून ठकू उडी मारून पायरी उतरली, आणि ती दारात आली. दार हातात होतं. आज सोडायचं, तिने ठरवलं. मोजून, जाणूनबुजून, सगळ्यांसारखं. मावशी फडकं हातात धरून बघत होत्या. तिने बोटं सैल केली.

“थांब ना आई,” खालून ठकू कावलेल्या आवाजात म्हणाली. “ती बूट घालतेय.”

तिची बोटं पुन्हा आवळली. स्प्रिंग ओढ देत होती. नवरा अर्ध्या वाटेवरून मागे फिरला; ती तशी उभी आहे हे त्याने बघितलं, दोन पायऱ्या चढून आला आणि तिच्या हाताच्या वर, दाराच्या कडेवर आपला हात टेकवला. दाराचं वजन निम्मं झालं. तिच्या पाठीमागे बोळ होता, हिरवट भिंतींचा, आणि फळीच्या बाजूने पट्टी उपटून पुन्हा लावल्याचा आवाज आला, खर्र. मावशी तर इकडे दारापाशी होत्या. बघायचंय का, कुणीतरी दमलेल्या, चांगल्या आवाजात विचारलं, किंवा तिला तसं वाटलं. तिने मान हलवली. या वेळी वरून खाली. आणि ती वळली, आणि डोळे न मिटता बघत राहिली.

“झालं,” ठकू म्हणाली. “आली. आता सोडा.”